लहान मुलांचा एक्झिमा आणि ॲलर्जीची शंका: कोल्हापुरातल्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या मुलीचा एक्झिमा, म्हणजे कोरड्या कातडीला सतत खाज सुटण्याचा आजार, गालांवर सुरू झाला, पुढे कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत उतरला आणि बरीच वर्षं घरात ठाण मांडून बसला. तेव्हापासून शेजारपाजारच्या, शाळेतल्या, नात्यातल्या आया मला तेच ते प्रश्न विचारत आल्या आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. त्वचारोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून, वाचून आणि घरी रोज करून जे पक्कं कळलं तेवढंच लिहिलंय. औषधाचं नाव, ताकद आणि दिवस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. मुलाला खाज सुटली की आपल्याकडे पहिली कात्री ताटाला लागते. दूध बंद, अंडी बंद, दाणे बंद. कातडी मात्र तशीच कोरडी राहते. मला वाटतं हा क्रम उलटा हवा.

हा एक्झिमाच आहे हे कसं ओळखायचं?

खाज नसेल तर बहुधा एक्झिमा नाही. तान्ह्या बाळात तो गाल, कपाळ, टाळू आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतो. लंगोटाखालचा भाग सहसा स्वच्छ असतो, कारण तिथे ओलावा टिकतो. दीड-दोन वर्षांनंतर तो कोपरांच्या आतल्या बाजूला, गुडघ्यांमागे, मनगटांवर, मानेवर येतो. कमी होतो, पुन्हा उसळतो, असं चालू राहतं.

पुस्तकांत ‘लाल चट्टे’ लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या मुलांच्या अंगावर लाली दिसतेच असं नाही. चट्टा तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, कधी नुसते बारीक खरखरीत दाणे असतात. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. अंघोळीआधी तळहात पाठीवरून, पोटऱ्यांवरून फिरवा. जिथे सँडपेपरसारखं लागतं आणि बाकीच्या अंगापेक्षा गरम लागतं, तिथे आत आग चालू आहे.

घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल आणि मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर खरूज असण्याची शक्यता मोठी. तिचा उपचार वेगळा आणि सगळ्या घराने एकाच वेळी करायचा. गोल, कडेला उठावदार आणि मध्ये स्वच्छ होत जाणारा चट्टा म्हणजे बहुधा नायटा. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात आणि काही तासांत मागमूस न ठेवता जातात, ते शीतपित्त. एक्झिमा असा तासाभरात नाहीसा होत नाही.

हे होतं कशामुळे? पोटुशी असताना मी काही चुकीचं खाल्लं का?

नाही. हे वाक्य सासरी कुणी ऐकवलं असेल तर हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा.

एक्झिमाच्या मुलांची त्वचा जन्मतःच थोडी सच्छिद्र असते. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन आहे. काही मुलांत त्याच्या जनुकात दोष असतो. गिलावा उडालेल्या भिंतीसारखं होतं: आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. धूळ, साबण, जंतू, अन्नाचे कण, सगळंच. शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि आग होते, खाज सुटते. खाजवलं की थर आणखी फाटतो. घरात कुणाला दमा, सतत शिंका येणारी सर्दी किंवा लहानपणी एक्झिमा असेल तर मुलाला होण्याची शक्यता वाढते. यात आईच्या डोहाळ्यांचा काही दोष नाही.

दुसऱ्या मुलांना लागतो का?

नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा. अंगणवाडीतल्या बाईंना हे स्पष्ट सांगा, म्हणजे खेळताना मुलाचा हात धरायला कुणी नको म्हणणार नाही.

अंघोळ रोज घालावी का? की पाण्यानेच वाढतं?

रोज घातली तरी चालते, फक्त रीत बदलायची. विसण घालून पाणी कोमट करा, आपल्या मनगटावर ना गार ना गरम लागेल असं. पाच ते दहा मिनिटं पुरे. साबण जिथे खरंच मळ आहे तिथेच, तोही सुगंध नसलेला सौम्य बार. शाम्पूचा फेस अंगभर ओघळू देऊ नका.

बाळंतिणीच्या खोलीतली रीत इथे नडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी प्रेमाने घालतात, पण कढत पाणी, डाळीचं पीठ आणि साय लावून अंग रगडणं आणि वर वेखंड-ओव्याची धुरी, यातली एकही गोष्ट एक्झिमाच्या बाळाला मानवत नाही. रगडल्याने थर निघतो, धुराने त्वचा आणि श्वासनलिका दोन्ही चिडतात. पीठ आणि साय ही तर अन्नातली प्रथिनं. फुटलेल्या कातडीतून ती आत गेली तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं, असं ॲलर्जीचे अभ्यासक सांगतात. शेंगदाणा तेल असलेली मलमं बाळाच्या सुजलेल्या त्वचेवर लावण्याचा आणि पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध इंग्लंडमधल्या एका अभ्यासात २००३ साली दिसला होता. तेव्हा खायच्या वस्तू तोंडातून जाऊ द्या, अंगाला लावू नका. दिवाळीचं उटणंही याच नियमात.

शिरोळ-हातकणंगलेकडे बोअरचं पाणी जड असतं. जड पाण्याने साबण जास्त लागतो आणि अंगावर राहतोही. पण पाणी मऊ करणारं यंत्र बसवल्याने एक्झिमा कमी झाला नाही, असं इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. तो पैसा मॉइश्चरायझरवर घाला. अंघोळीच्या पाण्यात टाकायची औषधी तेलं मिळतात, त्यांचंही तेच: २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचा वेगळा फायदा दिसला नाही.

कोणतं मॉइश्चरायझर? आणि किती?

सुगंध नसलेलं, घट्ट, आणि तुम्हाला परवडेल असं. महागड्या बाटलीतून थेंबाथेंबाने लावण्यापेक्षा साधी पांढरी पेट्रोलियम जेली सढळ हाताने लावलेली बरी. उन्हाळ्यात ती चिकट वाटते, तेव्हा क्रीम वापरा.

बहुतेक घरांत घोडं पेंड खातं ते प्रमाणात. अंगभर एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लागतं, असं इंग्लंडची आरोग्य मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तान्ह्याला याहून कमी. म्हणजे छोटी ट्यूब महिनाभर पुरत असेल तर आपण लावतच नाही आहोत. मोठा डबा घ्या आणि बोटं न बुडवता स्वच्छ चमच्याने काढा, नाहीतर डब्यातच जंतू वाढतात.

अंघोळ झाली की पंच्याने टिपून घ्या, पुसू नका. अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत लावा. वरून खाली, लव ज्या दिशेला आहे त्या दिशेने हात न्यायचा. चोळून जिरवायचं नाही, एक चकाकता थर दिसायला हवा. तो आपोआप जिरतो. दिवसातून निदान दोनदा, आणि त्वचा बरी असतानाही. आग विझल्यावर लावणं बंद होतं आणि पंधरवड्यात सगळं परत येतं, हे मी घरोघरी पाहिलंय.

खायचं असलं तरी खोबरेल बहुतेक मुलांना चालतं. मोहरीचं तेल आणि ऑलिव्ह तेल नको; ऑलिव्हने त्वचेचा थर उलट सैल होतो. आणखी एक काळजी: पॅराफिन किंवा जेली जिरलेले कपडे, दुपटी लवकर पेट घेतात. असं मूल चुलीपासून, देवघरातल्या समईपासून लांब ठेवा.

डॉक्टरांनी स्टेरॉइडचं मलम दिलंय. लावायची भीती वाटते. लावू का?

लावा. या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण भीतीपोटी मुलं महिनोन् महिने खाजवत राहतात.

ताकदीप्रमाणे ही मलमं वेगवेगळी असतात. १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन सौम्य, चेहऱ्यावरही थोडे दिवस चालतं. मोमेटासोनसारखी त्याहून बरीच जोरकस, बहुधा दिवसातून एकदाच. क्लोबेटासोल सगळ्यात तीव्र, लहान मुलांच्या एक्झिम्याला घरच्या घरी कधीच नाही. योग्य ताकदीचं मलम, योग्य जागी, सांगितलेले दिवस लावलं तर त्वचा पातळ होण्याचा धोका फार कमी असतो. नुकसान होतं ते तीव्र मलम चेहऱ्यावर, जांघेत, लंगोटाखाली महिनोन् महिने लावल्याने.

किती लावायचं याचं माप आपल्या बोटावरच आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ती साधारण अर्धा ग्रॅम होते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या एका पूर्ण हाताला अशी दीड रेघ, एका पायाला दोन, पोट-छातीला दोन, पाठीला तीन. ‘थोडंसं लावा’ याचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा निघतो, म्हणून डॉक्टरांना रेघेत विचारा.

आणि थांबायचं केव्हा? लाली गेली की नव्हे. हाताला खरखर लागेनाशी झाली आणि खाज थांबली की. वारंवार उसळणाऱ्या जागी पुढे आठवड्यातून दोन दिवस लावत राहायला काही डॉक्टर सांगतात, त्याने पुढची उसळी लांबते. मॉइश्चरायझर आणि हे मलम यांत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर ठेवा.

चेहरा आणि पापण्यांसाठी स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम असतं, ०.०३ टक्क्याचं, दोन वर्षांपुढच्या मुलांसाठी. सुरुवातीचे दिवस थोडी आग होते, ते आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने दोन दिवसांत गुण आला होता. तेच पुन्हा आणू का?

नको. अशा झटपट गुणाच्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक तिन्ही एकत्र असतात. नायट्यावर लावलं तर नायटा पसरतो, एक्झिम्यावर लावलं तर थांबवताच दुप्पट उसळतो. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी काउंटरवर मागितली की मिळतात. शेजारच्या मुलाला लागू पडलेली अर्धी ट्यूब उसनी घेणंही तसंच धोक्याचं. पटकन बरं वाटावं म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळ्या सुचवल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

चट्टा गेला पण पांढरे डाग राहिले. कोड आहे का?

बहुधा नाही. आग शमल्यावर तिथला रंग काही काळ फिका राहतो, कधी काळपटही होतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढराशुभ्र आणि रेखीव कडेचा असतो; हे डाग मळकट, पुसट कडेचे असतात. उन्हाळ्यात बाकीचं अंग रापलं की जास्त उठून दिसतात. काही महिन्यांत भरून येतात. लोक याचा दोष मलमाला देतात आणि मलम बंद करतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. शंका असेल तर डॉक्टर एका खास दिव्याखाली पाहून सांगतात.

‘अंगातली उष्णता बाहेर पडतेय, दाबली तर दमा होईल’ असं आजी म्हणतात.

आजींनी जे पाहिलं ते खोटं नाही. एक्झिमा असलेल्या काही मुलांना पुढे दमा होतो. पण तो मलमाने दाबल्यामुळे नाही. दोन्हींचं मूळ एकाच प्रकृतीत आहे, एक आधी दिसतो, दुसरा नंतर. उघडी, चिघळलेली त्वचा तशीच ठेवल्याने दमा टळत नाही, मूल मात्र झोपेला मुकतं.

काय काय खायचं बंद करू?

ताबडतोब काहीही नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात दोन वर्षांच्या मुलाचं दूध, अंडी, मासे, दाणे, वांगं, टोमॅटो, आंबट, गूळ असं सगळं एकेक करत बंद झालं होतं. प्रत्येक पाहुण्याने यादीत एक भर घातली. मूल वरण-भातावर आलं, वजनाचा काटा थांबला आणि कोपरांच्या लवणी तशाच राहिल्या. त्यांनी रोज दोनदा मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी सांगितलेलं मलम नीट लावायला घेतलं, तेव्हा ताट न बदलता त्वचा निवळली. असं नेहमी होईल असं नाही, पण आधी हे करून बघायलाच हवं. उपचार नीट झाल्याशिवाय अन्नावर संशय घेता येत नाही, कारण एक्झिमा कधीही आपणहून उसळतो आणि त्या दिवशी जे खाल्लं असेल त्याच्यावर आळ जातो.

पाश्चात्य देशांतल्या अभ्यासांत मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना खरी अन्नाची ॲलर्जी आढळली. उरलेल्यांना पथ्याचा फायदा नाही. पथ्याचा तोटा मात्र आहे. रोज खात असलेली वस्तू बरेच महिने बंद ठेवली आणि मग अचानक दिली, तर आधी नुसता चट्टा येणाऱ्या मुलाला घशाला सूज, उलटी अशी जोरात प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून बंद करणं आणि परत सुरू करणं दोन्ही डॉक्टरांच्या नजरेखाली: एका वेळी एकच वस्तू, दोन ते चार आठवडे, आणि मग ठरवून परत देऊन पाहायची. परत दिल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

टोमॅटो, लिंबू, चिंच खाल्ल्यावर फक्त ओठांभोवती लाल होत असेल तर तो आंबटाचा चटका असतो. जेवणाआधी तोंडाभोवती जेलीचं बोट फिरवा, सुटतो.

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईनेही स्वतःचं दूध, दाणे सोडायची गरज सहसा नसते.

मग खरी ॲलर्जी कशी दिसते?

वेळ बघा. ठरावीक पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, उलटी झाली, खोकला किंवा घरघर लागली आणि हे दर वेळी त्याच पदार्थाने झालं, तर संशय पक्का. गाईम्हशीचं दूध, अंडी, शेंगदाणे, काजू, तीळ, गहू, सोयाबीन, मासे-कोळंबी हे नेहमीचे संशयित. कधी एक-दोन दिवसांनी नुसता एक्झिमाच वाढतो. तो ओळखणं अवघड, त्याला वर सांगितलेली बंद-चालू पद्धतच लागते.

वहीत लिहा: काय खाल्लं, किती वाजता, काय झालं, किती वेळात. आणि फोटो काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत गांधी गेलेल्या असतात.

रक्ताचं ‘सगळ्या ॲलर्जींचं’ पॅकेज करून घेऊ का?

घाई नको. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) मोजणारी तपासणी, किंवा त्वचेवर थेंब ठेवून टोचून करायची तपासणी, दोन्ही उपयोगाच्या आहेत, पण ज्या पदार्थाचा संशय आहे त्याच्यासाठीच. एक्झिमाच्या मुलांत एकूण आयजीई बऱ्याचदा वाढलेलं असतं, त्यामुळे मोठ्या पॅकेजमध्ये डझनभर पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ येतात. पॉझिटिव्ह म्हणजे शरीराने त्या पदार्थाची दखल घेतली आहे एवढंच. मूल तो पदार्थ आठवड्याला आरामात खात असेल तर कागदावर काहीही येवो, बंद करायचा नाही. उलट निगेटिव्ह अहवाल बऱ्यापैकी भरवशाचा असतो. टोचून करायच्या तपासणीआधी खाजेचं सिरप काही दिवस थांबवावं लागतं, किती ते विचारून घ्या. शेवटचा निकाल लागतो तो दवाखान्यात, देखरेखीखाली, तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन. हा प्रयोग घरी करू नका.

आयजीजी नावाच्या तपासणीचीही जाहिरात असते. ती ॲलर्जी सांगत नाही. पैसे वाचवा.

गाईचं दूध सोसत नाही, तर म्हशीचं किंवा शेळीचं चालेल का?

खरी दुधाची ॲलर्जी असेल तर नाही. तिन्हींतली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना शेळीचंही सोसत नाही, म्हशीचंही नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्या गावाचा अभिमान, पण लहान मुलाला कच्चं दूध नकोच; जंतुसंसर्गाचा धोका असतो. वर्षाच्या आतल्या बाळाला कोणत्याही जनावराचं दूध हे मुख्य अन्न नसतं. आईचं दूध चालू ठेवा. ते शक्य नसेल तर ॲलर्जीच्या बाळांसाठीची खास पावडर डॉक्टर लिहून देतात.

बाळाला एक्झिमा आहे. शेंगदाणे उशिरा द्यावेत ना?

पूर्वी तसंच सांगत. आता चित्र उलटलंय. लंडनमध्ये झालेला लीप नावाचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं होती. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना अजिबात नाही. सुरुवातीला त्वचेची तपासणी निगेटिव्ह असलेल्यांत, पाच वर्षांचं होईपर्यंत टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ती फक्त १.९ टक्के होती.

आपल्या घरात दाण्याचा कूट रोज उखळातून निघतो, ही सोयच म्हणायची. सौम्य एक्झिमा असेल तर वरचं अन्न सुरू झाल्यावर बारीक कूट पेजेत किंवा नाचणीच्या सत्त्वात मिसळून देता येतो. तीव्र एक्झिमा असेल किंवा अंड्याने गांधी उठल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, श्वासनलिकेत अडकतो.

ॲलर्जी पक्की ठरलीय. बाहेर खाताना काय बघू?

कोल्हापुरात हा प्रश्न अवघड आहे, कारण दाणे, तीळ, काजू आपल्या वाटणात असतात, वरून दिसत नाहीत. पांढऱ्या रश्श्यात खोबऱ्याबरोबर काजू, तीळ, खसखस वाटलेली असते. कांदा-लसूण चटणीत तीळ आणि सुकं खोबरं असतं, आणि ती चटणी अर्ध्याअधिक भाज्यांत. मिसळीच्या कटात काय वाटलंय ते विचारल्याशिवाय कळत नाही. ‘तिखट नको’ म्हणणं सोपं, ‘तीळ नको’ म्हणायला नेट लागतो, पण म्हणा. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. प्रसादाला नाही म्हणताना जीव कासावीस होतो. कपाळाला लावून घरी आणा आणि मोठ्यांनी खा, देवाला चालतं.

दूध आणि अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाची. म्हणून दर वर्षी पुन्हा तपासून घ्या, आयुष्यभराचं पथ्य समजू नका.

पावसाळ्यात का वाढतं? आणि यात्रेला न्यावं का?

धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे दमट हवेत वाढतात आणि गादी, उशी, वाकळ ही त्यांची घरं. आजीची वाकळ टाकू नका, पण मुलाच्या अंगाखाली स्वच्छ सुती चादर घाला आणि ती आठवड्याला कढत पाण्यात धुवा. साधारण ६० अंशांच्या पाण्यात हे किडे मरतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या भिंतींवर बुरशी दिसते का ते पावसाळ्यात तपासत राहा. थंडीत कोरड्या हवेने त्वचा उलते, आणि त्याच दिवसांत उसाचा पाला पेटवतात, गुऱ्हाळं चालू असतात. धूर असेल त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या. उन्हाळ्यात घामाने खाज सुटते, घाम कोमट पाण्याने धुवून परत क्रीम लावा. गाजर गवतापासून लांब ठेवा, त्याचे कण अंगाला बाधतात.

जोतिबाच्या यात्रेला नेलंत तर आधी जेलीचा जाड थर आणि पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, घरी आल्यावर लगेच अंघोळ. गुलाल आणि पट्टणकोडोलीचा भंडारा फुटलेल्या कातडीवर झोंबतो. रंगपंचमीलाही हेच. उसळी जोरात असेल त्या वर्षी नेऊ नका. करदोडा आणि गळ्यातला काळा दोरा ओला राहून घासतो, तोही काही दिवस काढून ठेवा.

रात्रभर खाजवते. आम्ही कुणीच झोपत नाही.

सकाळी पांढऱ्या चादरीवर रक्ताचे ठिपके बघणं फार जड जातं, हे मला माहीत आहे. ‘खाजवू नको’ म्हणून ओरडू नका, ते तिच्या हातात नसतं. नखं रोज बघून कापा, टोकं घासा. खोली गार ठेवा, पांघरूण पातळ. झोपायच्या आधी क्रीमचा जाड थर. जोरात उसळी असेल तर ओल्या पट्ट्यांची पद्धत असते: आत क्रीम, त्यावर कोमट पाण्यात पिळलेला सुती बनियन, वर कोरडा. ती आधी दवाखान्यात शिकून घ्या. खाजेच्या सिरपने झोप येते, पण एक्झिम्याची खाज त्याने फारशी थांबत नाही, म्हणून रोजची सवय नको. आणि नवरा-बायकोंनी रात्री वाटून घ्या. आई एकटीच जागली तर महिन्याभरात तिची तब्येत ढासळते.

लसी द्यायच्या का?

सगळ्या, वेळेवर. एक्झिमा आहे म्हणून कोणतीही नेहमीची लस टाळायची नसते. अंड्याची ॲलर्जी असली तरी गोवर-रुबेलाची लस देता येते. नर्सबाईंना सांगून ठेवा.

आयुर्वेद किंवा होमिओपॅथी चालेल का?

पदवीधर वैद्यांकडे जायचं असेल तर जा, पण मॉइश्चरायझर सोडू नका आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध सांगा. लेबल नसलेली पुडी किंवा डबीतलं मलम मात्र कुणीही दिलं तरी नको. ‘वनस्पतीचं’ म्हणून विकलेल्या मलमांत तीव्र स्टेरॉइड सापडल्याचं तपासण्यांत उघड झालंय.

ताबडतोब दवाखाना कधी गाठायचा?

चट्ट्यांतून चिकट पाणी येतं, पिवळ्या मधासारख्या खपल्या धरतात, गरम आणि दुखरं होतं: जंतुसंसर्ग, त्याच दिवशी दाखवा. एकसारख्या बारीक फोडांचा घोळका, मध्ये खळगा, सोबत ताप आणि मूल मलूल: हा नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो, रात्र असली तरी थांबू नका. ज्यांच्या ओठावर ‘जर’ (बारीक पाणीदार फोड) फुटली आहे त्यांनी अशा बाळाचा पापा घेऊ नये.

खाल्ल्यावर श्वासाला घरघर, आवाज बसणं, सारख्या उलट्या, अंग ढिलं पडणं यातलं काही झालं तर १०८ ला फोन करा. मुलाला आडवं झोपवा आणि पाय वर ठेवा. श्वास लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. यावरचं औषध म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यायचं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन. सिरप पाजत वेळ घालवू नका. एकदा असं झालेल्या मुलाच्या घरी इंजेक्शन ठेवायचं का, कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मोठेपणी जातो का?

बऱ्याच मुलांचा शाळेच्या वयात खूप कमी होतो, काहींचा राहतो. कुणी कायमचा बरा करून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मलमांनी भागत नाही अशा तीव्र एक्झिम्यासाठी आता डुपिलुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत २०२२ साली ६ महिन्यांपुढच्या मुलांसाठी त्याला मंजुरी मिळाली. महाग आहे, आणि तज्ज्ञांनीच ठरवायचं.

कुणाला दाखवू, आणि जाताना काय नेऊ?

आधी बालरोगतज्ज्ञ, मग त्वचारोगतज्ज्ञ. खाजगीचा खर्च झेपत नसेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. सकाळी लवकर जा आणि मुलाचा खाऊ-पाणी सोबत ठेवा. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा. मोबाइलमधले उसळीचे फोटो, खाण्याची वही, वजनाचं कार्ड न्या. निघण्याआधी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या: चेहऱ्याला कोणतं, अंगाला कोणतं, किती रेघा, किती दिवस, आणि उसळलं तर काय. तो कागद फ्रिजवर चिकटवा, म्हणजे मूल आजीकडे असलं तरी त्यांना कुणाला विचारावं लागत नाही.